निरोगी हात

नाव

"आधी तुमचा, मग माझा." कडूबाईने हात पदराखाली ओढून घेतला. "तुमचं औषध पोळतंय."

"बरं, माझा आधी."

सत्यवानने डावी बाही वर सारली, बोळ्याने कोपरापर्यंत तपकिरी आयोडीन लावले आणि ते वाळल्यावर खळीची पांढरी भुकटी भुरभुरवली. मग कडूबाईचा हात. दोघे दवाखान्याच्या अंगणात उन्हात बसले.

काम

राहुरीपलीकडच्या या महारोग्यांच्या दवाखान्यात सत्यवान बारा वर्षे ड्रेसर. जखमा धुणे, गोळ्या वाटणे. गेल्या वर्षी पुण्याहून डॉक्टरीणबाई संशोधनाला आल्या, तेव्हापासून निरोगी हात पुरवणे.

घाम माणसाच्या हुकमाने येत नाही. हृदय, आतडी, घाम सांभाळणाऱ्या नसा कुणाला विचारत नाहीत. या रोगात त्या कधी मरतात, स्पर्श जाण्याआधी की नंतर, हे बाई शोधत होत्या. घाम आला की भुकटी निळी होते. नस मेली तिथे पांढरीच राहते. रोग्याच्या हाताशी ताडून पाहायला सत्यवानचा हात. तो नेहमी सगळा निळा होई.

घाम

बहात्तरचा मे. निळे ठिपके लगेच उमटले. कडूबाईच्या हातावर दोन पांढरी ठिगळे राहिली.

"भाऊ, तुमच्या कोपराखाली बघा."

रुपयाएवढी जागा पांढरी होती.

"भुकटी नीट बसली न्हाई."

"बसलीय की."

त्याने बोट दाबून पाहिले. दाब कळला, नेमका कुठे, ते सांगता आले नसते.

"पुसून टाका," कडूबाई हळूच म्हणाली. "बाई आत हायेत. मी कुनाला सांगत न्हाई."

ओला बोळा हाताशीच होता. बारा वर्षे त्याची बायको सारा त्याला दवाखान्यातून आल्यावर अंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हती.

"मागल्या साली म्या डाग बांगड्यांखाली झाकला, तवा लई बोलला मला. लाजायचं काय त्यात, म्हनं."

"म्हनलो हुतो."

"मग?"

"तवा हात तुमचा हुता."

कडूबाई हसली. तोही हसला, आणि उठून आत गेला.

शेरा

"निरोगींच्या यादीत तुमचं नाव लिहून ठेवलंय मी," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"ते खोडा, बाई. दुसरा कागद घ्या."

त्यांनी त्याचा हात खिडकीकडे वळवून बराच वेळ पाहिला. नवा कागद घेतला.

"नाव?"

"सत्यवान."

"गाव?"

"बेलापूर."

"घरी कोण?"

"बायको. तिलाबी तपासाया आनतो. सांगतो तिला आजच."

"लवकर सापडलंय. गोळ्या आजपासूनच घ्या."

बाहेर ओळ लागली होती. सत्यवानने डबा उघडून एकेकाला गोळी दिली. इथला नियम असा, की गोळी समोरच गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचे. काहीजण ती गालात धरून बाहेर थुंकत. ओळ संपल्यावर त्याने एक गोळी स्वतःच्या तळहातावर घेतली, पाण्याबरोबर गिळली.

कडूबाई अजून गेली नव्हती. ती डब्याच्या अलीकडे, सत्यवानच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आ करा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडले.