सरपंचाचे नाव न सांगणाऱ्या एकसष्ट बायका

बालाघाट जिल्ह्यातील लोकशाही चार वर्षे माझ्या खांद्यावर उभी होती, मित्रांनो. तसे पाहिले तर मला खांदे नाहीत. मी एक जुना, हाताने लिहिलेला, बेचाळीस पानांचा लघुप्रबंध आहे, आणि त्यातली चार पाने कोरी आहेत.

माझा जन्म १९६१ साली किरनापूरजवळच्या एका खेड्यातल्या ओसरीवर झाला. शालिकराम नावाचा विद्यार्थी तेव्हा बालाघाटच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन, स्वतः प्रश्न विचारून, स्वतः प्रबंध लिहावा, असा नियम त्याच साली निघाला. शालिकराम घरोघर फिरला आणि त्याने मला लिहिले. कॉलेज मध्य प्रदेशातले, कारभार हिंदीत, म्हणून माझ्या पोटात हिंदी आहे. पण लिहिणारा हात मराठी घरात जेवायचा.

माझा मुख्य निष्कर्ष तेविसाव्या पानावर आहे. गावातील बासष्ट गृहिणींना सरपंचाचे नाव विचारले. एकसष्ट जणींना ते सांगता आले नाही. जिला आले ती सरपंचाची म्हातारी आई होती. यावरून ग्रामीण स्त्रीला राजकारणाची जाण नाही हे सिद्ध होते. या वाक्याखाली तेव्हाच्या प्राध्यापकांनी लाल शाईने ‘उत्तम’ असे लिहिले. त्या शब्दाने मी फुगलो. पावसाळी हवेचाही त्यात थोडा हात असावा.

तीन वर्षांनी शालिकराम त्याच कॉलेजात शिकवायला आला. स्वतंत्र संशोधन कसे करावे हे मुलांना समजावे, म्हणून तो मला नमुना म्हणून देऊ लागला. मुले मला घरी नेत आणि अगदी स्वतंत्रपणे, एकेक करून, उतरवून घेत. चार वर्षांत मी तेवीस गावांचा प्रबंध झालो. प्रत्येक गावात गृहिणी बासष्टच निघाल्या. एका गावातल्या सरपंचाची आई वारून सहा वर्षे झाली होती. तिनेही मुलाचे नाव बरोबर सांगितले. माझी पाठ सर्वांनी थोपटली, पण मला आत कुठेतरी टोचत असे. मी ते टाचणीवर ढकलत असे.

१९६८ साली मी शेवटच्या वर्षातल्या ललिताच्या पिशवीतून तिच्या गावी, तिरोडीला गेलो. तिचे वडील दादाजी मँगनीजच्या खाणीत कामाला होते. त्यांनी तिला बजावले होते, “पह्यल्या खेपेले पास झाली, त नागपूरले एम.ए.ले धाडतो. नाई त गोंदियाचं स्थळ आहेच.” आणि प्रबंधावर शालिकराम सरांची सही नसेल तर परीक्षेलाच बसता येत नसे.

ललिता मला उतरवायलाच बसली होती. पण एक प्रश्न तिने सहज चुलीपाशी बसलेल्या आईला, मैनाबाईला, विचारला.

“माय, सरपंचाचं नाव काय व?”

“मले नाई ठाऊक.”

“अव, सकाळीच त्याले शिव्या देऊन राह्यली होती ना?”

“शिव्या देल्या. नाव कुठं घेतलं? भासरा लागते तो माहा. नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव घेतेत का कोणी?”

“सख्खा थोडीच आहे!”

“गावनात्यानं त आहे. अर्ध्या गावाचा भासरा, उरलेल्याचा सासरा.”

ललिताने मला मिटले. दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन दारोदार गेली. नाव विचारणे तिने सोडले. ‘सरपंचाकडे काम घेऊन गेलात तर काय म्हणतो?’ एवढेच ती विचारी. मग वही पुरेना. शेजारची तुळसाबाई म्हणाली, “सरकारी विहीर त्यानं आपल्या गोठ्यामागं खोदली. त्याच्या बैलाइले पाणी, आमाले कोसभर पायपीट. लिही! माहं नाव टाक, त्याचं नोको.”

मित्रांनो, मला त्या पिशवीत लाज वाटली. एकसष्ट बायकांना सगळे ठाऊक होते, आणि मी त्यांना तेवीस गावांत अडाणी ठरवून आलो होतो.

मला परत करायला आणि सही घ्यायला ललिता एका रविवारी सरांच्या घरी गेली. सरांनी तिचा प्रबंध वाचला. त्यांचे कान हळूहळू माझ्या ‘उत्तम’च्या रंगाचे झाले.

“म्हणजे माझा निष्कर्ष चूक?”

“हौ सर.”

“पुरावा?”

ललिता घाबरली. नागपूर तिच्या डोळ्यांदेखत गोंदियाकडे सरकू लागले. इतक्यात सरांच्या पत्नी दुर्गाबाई चहा घेऊन आल्या.

“काकू,” ललिता एकदम म्हणाली, “सरांचं नाव काय?”

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. “चहा घे व पोरी. भलतंच काय विचारतं!”

ललिताने वही उघडली. “लिहू का सर? सात वर्षं संसार करून काकूंना नवऱ्याचं नाव ठाऊक नाही.”

सरांनी बशीतला चहा संपवला. मग दुसरी बशी भरली.

“सही करा ना आता,” दुर्गाबाई म्हणाल्या. “काहून ताटकळून ठेवलं पोरीले?”

सरांनी सही केली. मग मला ओढून तेविसाव्या पानावर लाल शाईने मोठी फुली मारली, आणि स्वतःच हसत सुटले. त्या फुलीने मला जे हलके वाटले ते ‘उत्तम’ने कधी वाटले नव्हते. ललिता पहिल्याच खेपेला पास झाली. तिला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला दादाजी डबा घेऊन आले होते, असे सर वर्गात सांगत. सरांनी त्यानंतर कोणालाही नमुना दिला नाही. “आधी घरी जा, मायला विचार,” एवढेच ते सांगत.

आता मला कोणी उतरवत नाही. विभागातल्या पाण्याच्या माठावर मी झाकण म्हणून पडून असतो आणि माझ्यामुळे आता फक्त चिलटे अडतात. विद्येची जपणूक करा, असे मोठे काही मी सांगणार नाही. पाणी पिऊन झाल्यावर ओला पेला तेवढा माझ्यावर ठेवू नका. बाजूला खिडकी आहे, तिथे ठेवा.