कडेने धरलेलं नाणं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर प्लास्टिकचा टब, टबात पाणी, पाण्यात नाणेबाबांचा रबरी मोज्यातला हात. काळंकुट्ट नाणं आत जाई, आरशासारखं बाहेर येई. लोक हात जोडून रडत होते. एका आजोबांनी गुपचूप आपलं बोट बुडवून पाहिलं. बोट तरुण झालं नाही, सोललं मात्र.

"पाप निघतंय," बाबा म्हणाले.

आजोबांनी दुसरं बोट पुढे केलं.

"नाण्यालाही म्हातारपण येतं, बाळांनो! मी ते उतरवतो. तरुण नाण्याला दसपट भाव! मला दक्षिणा नको, विश्वास हवा!"

रांगेत घड्याळजी उभा होता. एरवी असल्या बाबांना तो लांबूनच नमस्कार करायचा. पण सोमवारी लेकीच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि घरात विकण्यासारखी वडिलांची पाच राणीछाप चांदीची नाणीच उरली होती. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर अख्खा टब होता.

"अहो, शंका काढू नका," बायको कुजबुजली. "गुण येत नाही मग."

"मी कुठे काढतोय? तीच निघतेय."

चार नाणी बुडाली, चमकली, परत आली. पाचवं सगळ्यांत काळं. बाबांनी ते उजेडात जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "हे मेलंय. घरात ठेवू नका. अंत्यविधी मी स्वखर्चाने करतो." आणि ते मखमली पेटीत अलगद ठेवलं. पेटी असल्या मृतांनी निम्मी भरली होती.

घड्याळजी बाबांची बोटं बघत होता. जिवंत नाणी बाबा अंगठ्याने चेपून धरत, फडक्याने खसाखसा पुसत. मेलेलं मात्र दोन बोटांत, फक्त कडेने. घड्याळातली नाजूक चाकं तो स्वतः तीस वर्षं तशीच धरत आला होता.

"शेवटचं दर्शन तरी घेऊ द्या," म्हणत त्याने नाणं उचललं आणि टबावर धरलं. सुटलं असतं तर लेकीचे डोळेच बुडाले असते. "मेलंच आहे ना? मग टाकतो."

"अरे ए, थांब! राणीची एकेक बट शाबूत आहे त्याच्यावर!" बाबा किंचाळले.

घड्याळजीने नाणं कडेनेच धरून मागे घेतलं.

गर्दीतून शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. त्यांनी टब हुंगला. "चांदी उजळायचं रसायन आहे हे. नाण्याचा वरचा थर खातं. जुन्या नाण्याचा भाव चमकेवर नसतो. ते किती कमी झिजलंय, मूळ रूप टिकलंय का, यावर असतो. उत्तम नाणी हा 'मेली' म्हणून स्वतःला ठेवतो आणि बाकीची उजळून तुम्हाला खूश करतो."

"मग आमची चमकलेली?"

"चांदीच्या वजनाने विका आता."

बाबांना मारायलाही कोणी उठलं नाही.

नाण्यांच्या व्यापाऱ्याने पाचवं भिंगातून पाहून चांगला भाव दिला. बाकीची चार तराजूत टाकली. "न धुता आणली असतीत तर..." एवढं बोलून त्याने पुढचं गिळलं.

"डॉक्टर, आधी एकच डोळा करता येईल?" सोमवारी घड्याळजीने विचारलं. "तेवढेच पैसे जमलेत."

"येईल. कोणता?"

उत्तर लेकीनेच दिलं. "डावा करा. उजव्याशिवाय भागवायची सवय झालीय मला."

आता दुकानात कोणी नव्या बाबांचं नाव काढलं, की घड्याळजी हातातलं काम खाली ठेवतो. "जा, खुशाल जा. पण तो काय बोलतो ते ऐकण्याआधी काय करतो ते बघा. आणि विचारा. खरा असेल तर रागावणार नाही, भोंदू असेल तर दचकेल. मीही विचारलंच की. चार नाणी बुडाल्यावर."