नकाशावरची भाकरी

रुपालीच्या पिठलं-भाकरीच्या गाळ्यासमोर रस्त्याला दुभाजक बांधला गेला आणि गिऱ्हाइकं पलीकडूनच हात हलवून जाऊ लागली. कुरुळीची माणसं प्रेमळ, पण दुभाजक ओलांडण्याइतकी नव्हेत. महिनाअखेरीपर्यंत धंदा सावरला नाही तर मालक गाळा सलूनला देणार होता.

“फोनवर टाकू या,” रुपाली म्हणाली. “कंपनीतली पोरं फोनला विचारून जेवतात.”

“फोनला काय ठावं भाकरीतलं?” सासरे दादू म्हणाले. “मला सगळी कुरुळी ओळखती.”

“ओळखते, मामा. जेवायला येत नाही.”

तिचा नवरा जयसिंग निघोज्याच्या एका कंपनीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून त्यानं दुकान नकाशावर चढवलं. फोननं विचारलं, ‘सध्याचं ठिकाण वापरू का?’ इतक्या अदबीनं घरात कोणी विचारत नाही. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर माणसं पिठलं मागू लागली. सिक्युरिटीच्या यशवंतरावांनी पहिल्याला गेटपास विचारला, दुसऱ्याला हाकललं आणि तिसऱ्याला विचारलं, “सोबत ठेचा असतो का?”

“दुरुस्ती टाकलीय,” जयसिंग घरी येऊन म्हणाला. “पण नकाशावाले तपासणार, मग हलवणार. कधी, ते सांगत नाहीत.”

“आणि खरं दुकान हलवायला तपासणी लागते का?” रुपालीनं विचारलं.

“त्याला कशाला लागेल?”

“मग टेम्पो बघा.”

सकाळी शेगडी, परात आणि पिठाचा डबा गेटसमोरच्या मोकळ्या जागेत उतरला. “नकाशा बरोबर होता,” रुपालीनं यशवंतरावांना सांगितलं. “आम्हीच चुकीच्या जागी होतो.” यशवंतरावांनी दोन भाकऱ्या खाऊन ते मान्य केलं.

दादू मात्र आले नाहीत. ओळखीचं कुणी आलं तर, म्हणून घरची जुनी शेगडी आणि थोडं पीठ घेऊन कुरुळीचा गाळा उघडून बसले. ओळखीचं कुणी आलं नाही.

गेटवर रांग लागू लागली. मग एका दुपारी नवी माणसं यायची थांबली. जयसिंगच्या फोनवर निरोप आला होता, ‘आपल्या विनंतीनुसार ठिकाण बदलले आहे.’ पाठोपाठ रुपालीला दादूंचा फोन.

“पोरी, हितं अनोळखी माणसं आल्यात. दुभाजकावरनं उड्या मारून. भाकरी मागत्यात.”

“मग?”

“मग काय. थापतोय. पर गोल व्हईना.”

“फोटो काढू देऊ नका, मामा.”

“काढला की एकानं. आता समदी तसलीच मागत्यात.”

समोर यशवंतराव तिसऱ्या भाकरीसाठी ताट धरून उभे होते. रुपालीनं पिठाचे हात पुसले आणि नवऱ्याला फोन लावला.

“अहो, सुट्टीत कॅन्टीनमध्येच बसा. अजून एक दुकान चढवायचंय. फोन काही विचारेल, तर हो म्हणा.”