चोविसावं बाळंतपण

पत्र आलं तेव्हा मी उकळत्या पाण्यातून कात्र्या काढत होते. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अपुरा वापर असलेल्या प्रसूतिगृहांच्या निधीचे सुसूत्रीकरण'. सुसूत्रीकरण हा शब्द ज्याने शोधला त्याला आयुष्यात कधी कळा आल्या नसाव्यात. तीनदा वाचल्यावर अर्थ लागला. वर्षाला चोवीसपेक्षा कमी बाळंतपणं झाली, तर आमच्या आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाच्या खोलीचा निधी बंद आणि खोलीला कुलूप.

आमच्या रजिस्टरात तेवीस होती. वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते.

मी वरच्या कार्यालयातल्या कारकुनाला फोन लावला. "तेवीस नाहीत हो, बेचाळीस आहेत," मी म्हणाले. "एकोणीस जणींना मी वेळेवर मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कुणाचं बाळ आडवं, कुणाच्या अंगात रक्त कमी. नऊ महिने तपासल्या मीच."

"बाळंत कुठे झाल्या?"

"तिकडे."

"मग त्या तिकडच्या. ज्यांच्या टेबलावर बाळ, त्यांचा आकडा. नियम आहे, सिस्टर."

"म्हणजे मी अक्कल वापरली नसती तर माझी खोली वाचली असती?"

"तसं पत्रात लिहिलेलं नाही," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नुसता कारकून होता.

आमच्या डॉक्टरांकडे तीन केंद्रं आहेत, त्यामुळे ते कायम चौथ्याच ठिकाणी असतात. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बघा काही जमतंय का." जणू मी बाजारातून आणणार होते एक बाळंतपण.

चार गावांत मिळून दिवस भरत आलेली बाई एकच होती, आणि ती माझ्याच घरात. माझी धाकटी जाऊ. तिची तारीख नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशीची. दोन दिवसांनी खोली हुकत होती.

ही बातमी मी फक्त सासूबाईंना सांगितली, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जावेचं पोट ही सार्वजनिक मालमत्ता झाली. हेडमास्तरांनी शाळेचे जिने तिच्यासाठी खुले केले, चढ-उतार केला की कळा लवकर येतात म्हणे. वाणी तिला दुकानात बसू देईना. बसून कसं चालेल, चाला, असं म्हणून तो तिला दुकानाभोवतीच फेऱ्या मारायला लावायचा. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रोज सकाळी दारात येऊन "काही हालचाल?" असं विचारायचा. आणि ज्या सासूबाईंनी मला दोन्ही बाळंतपणांत पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नव्हता, त्यांनी हिच्याकडून अख्खं अंगण तीनदा पुसून घेतलं.

"ताई, अंड्यासाठी कोंबडीवर नजर ठेवतात तसे सगळे बघतात माझ्याकडे," जाऊ म्हणाली.

मी हसले. खरं तर तेव्हाच मी सगळ्यांना झापायला हवं होतं. एरवी माझी जीभ काही कमी नाही, डॉक्टरसुद्धा मला टरकून असतात. पण मी गप्प बसले. ती खोली मी माझ्या हाताने उभी केली होती. तिथला पडदा माझ्या जुन्या साडीचा होता. दिवा लोंबकळायचा, तो मी नवऱ्याकडून ठोकून घेतला होता. कुणी लांब शहरात बसून तिला 'अपुरी' म्हणावं याचा मला संताप येत होता, आणि त्या संतापात मला चोवीस हवे होते. कसेही.

शेवटच्या आठवड्यात जावेच्या पायांवर सूज दिसली. बोट दाबलं की खळगा राहायचा.

"जिने चढून आलीय," मी म्हणाले.

दुसरी कुणी बाई असती तर त्याच क्षणी मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला असता. बावीस वर्षांत सुजलेला पाय बघून मी बीपी घेतलं नाही असं कधी झालं नव्हतं. या वेळी यंत्र चार दिवस कपाटात राहिलं. विसरले नव्हते मी. ते काय सांगेल याची धास्ती होती, म्हणून काढलं नाही. हे लिहितानासुद्धा मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेसातला जावेला कळा सुरू झाल्या. गावाला इतका आनंद निवडणुकीत कुणी पडल्यावरही झाला नव्हता. आम्ही केंद्रावर पोचलो तर फाटकाशी तीसेक माणसं उभी. हेडमास्तरांनी शाळा अर्धा तास उशिरा भरवली होती. वाण्याने पेढ्यांचा खोका आणला होता आणि वाटायची घाई नको म्हणून तो स्वतःच त्यावर हात ठेवून उभा होता.

मी तिला टेबलावर घेतलं. दार लावलं.

"ताई, डोकं फार दुखतंय," ती म्हणाली. "आणि तुमच्या तोंडापुढे काजवे चमकतायत."

मी कपाट उघडलं. पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. परत घेतलं, तेवढाच. असं बीपी असताना बाईला कधीही झटके येऊ शकतात, आणि झटके आले तर माझ्या त्या लाडक्या खोलीत ना भूल देणारं कुणी, ना रक्ताची पिशवी.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी पोचायला दोन तास लागतील. तुमच्या अनुभवावर माझा विश्वास आहे." म्हणजे काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथ्यावर. झटके थांबवणारं इंजेक्शन मी तिच्या दोन्ही कुल्ल्यांवर दिलं आणि दार उघडून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गाडी काढ."

फाटकाशी सगळे एकदम बोलायला लागले.

"अहो, तासाभरात होईल की मोकळी!" वाणी म्हणाला.

"आजच्या दिवस सिस्टर, फक्त आजच्या दिवस," हेडमास्तर.

सासूबाई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "इथेच होऊ दे गं. तुझीच खोली वाचेल. तूच तर म्हणत होतीस."

"म्हणत होते आई. मी मूर्ख होते."

त्यात आतून जाऊ बोलली. तिचा आवाज जड झाला होता. "ताई, मी करते सहन. तुमची खोली राहू दे."

त्या वाक्याने मात्र माझा तोल गेला. मी फाटकाशी जाऊन अशा शिव्या दिल्या की हेडमास्तरांनी पोरांना शाळेत पिटाळलं. पेढ्यांचा खोका रस्त्यावर भिरकावला. "बाजूला व्हा सगळे! तिचं काही झालं तर त्या चोविसाला काय जाळायचंय?" लोक बाजूला झाले. त्यांना मी काय बोलणार होते, खरी शिवी मलाच लागू होती.

पावणेदोन तासांचा रस्ता. जावेला डाव्या कुशीवर ठेवून मी तिचा हात धरून बसले होते आणि तिला सांगितलं, "चार दिवस आधी बीपी घ्यायला हवं होतं मी. मुद्दाम नाही घेतलं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "मीही नाही आठवण केली."

मोठ्या दवाखान्यात टेबलावर घेता घेता तिला एक झटका आला. तिथे माणसं होती, भूल होती, रक्त होतं. दुपारी दोनच्या आत मुलगी झाली, दोन किलो तीनशे. संध्याकाळी जावेने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "आता जिने नाहीत ना?" मी भिंतीला डोकं टेकून हमसून रडले. तिथल्या सिस्टरने आकडा लिहिला. नेमका कितवा ते मी पाहिलं नाही, पण चार अंकी होता.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात कारकून स्वतः आला. कुलूप घेऊन आला होता आणि बरोबर एक फॉर्म, प्रसूतिगृह बंद करताना भरायचा. खोलीतली टेबलं, दिवे, बादल्या, सगळ्यांना एकेक रकाना. मी लिहीत गेले. वाणी, हेडमास्तर आणि सासूबाई दाराशी उभे होते.

शेवटच्या पानावर एक रकाना होता. 'केंद्र सुरू झाल्यापासून बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया'. त्यात मी शून्य काढलं.

कारकून वाकून बघत होता. "सिस्टर, ते खाली लिहिलंय बघा बारीक अक्षरात. शून्य असेल तर रकाना रिकामा सोडायचा. फॉर्म परत येतो नाहीतर." त्याने पिशवीतून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला.

मी पुन्हा पहिल्या पानापासून सगळं लिहिलं. टेबलं, दिवे, बादल्या. शेवटच्या पानावर आले आणि पुन्हा शून्य काढलं, आधीच्यापेक्षा मोठं.

"अहो, रिकामं सोडा म्हटलं ना," तो म्हणाला.

"नाही सोडणार," मी म्हणाले. "बावीस वर्षं लागलीत मला हे भरायला."