मेन तारेचं दुसरं टोक

"अण्णाजी, एक डाव आत येऊ द्या. निस्ता स्क्रू पाह्यतो अन् जातो," ओसरीत मेन स्विचपाशी उभा राहून लहानू म्हणाला.

नालवाडीच्या रस्त्यावर अण्णाजींनी नवं घर बांधलं होतं. आज वास्तुशांतीचं जेवण. वायरिंग लहानूचं. ओसरीतल्या मीटरपासून माजघरातल्या बोर्डापर्यंतची जाड मेन तार त्यानं स्वतः निवडली, स्वतः ओढली. सगळ्या खोल्यांना वीज तिच्यातूनच जायची. देवघर मांडल्यावर आतलं टोक मात्र जोडीदार रूपरावानं जोडलं. बोर्ड देवघराला लागून होता ना!

"तुमी लोकायनं तं गेल्या दसऱ्याले दीक्षा घेऊन देव सोडले," अण्णाजी हसून म्हणाले. "मंग देवघरापाशी काय काम तुह्यं?"

"देवाशी नाई जी, तारेशी काम हाये. तार कितीबी जाड असो, टोक ढिलं राह्यलं तं तपते."

"रूपरावानं आवळलं ना? झालं मंग."

लहानूला फार वाईट वाटलं. वीस वर्षांत आपल्या तारेचं टोक त्यानं दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं नव्हतं. तो अंगणात जाऊन बसला.

दिवेलागणीला सगळे दिवे एकदम लागले. पाहुणे वाहवा करत होते आणि लहानूच्या नाकात जळक्या रबराचा वास शिरला. त्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. बोर्डाजवळ तारेवरची लाकडी पट्टी पेटली होती. सगळे बाहेर पळाले, लहानू तेवढा आत शिरला. तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. जळती पट्टी त्यानं उघड्या हातांनी उपटली आणि पायाखाली विझवली.

चौथ्या दिवशी रूपराव त्याच्या घरी आला. लहानूच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळली होती. बायको, सीताबाई, त्याला घास भरवत होती. बोटं आता पुरती मिटायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे पक्कड सुटली, आणि कामही.

"माह्याच हातचा स्क्रू ढिला राह्यला, लहानूभाऊ," रूपराव खाली मान घालून म्हणाला.

"मालूम हाये मले. दिवे लागले काय?"

"लागले. नवी तार जोडली. दोनदा आवळलं."

रूपराव उठेना. शेवटी कसाबसा बोलला, "अण्णाजीकडच्यायनं माजघर धुतलं. गोमूत्र शिंपडलं. आगीसाठी नाई... तुमी आत गेलते म्हणून."

सीताबाईचा हात घासासकट तसाच थांबला. लहानूनं विचारलं,

"धुताना बोर्डावर पानी तं नाई ना उडालं?"