वरच्या दोन ओळी

"नेदे, दोब्रिनचं नाव कुठं गेलं गं?"

आईनं आतल्या खोलीतून हाक मारली तेव्हा नेद्यालका ओट्यापाशी गहू निवडत होती. येत्या शुक्रवारी तिच्या भावाला, दोब्रिनला, जाऊन वर्ष होणार होतं. गहू उकडून, त्यात साखर आणि अक्रोड घालून झितो करायचं आणि थडग्यापाशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायचं, ही बल्गेरियातली रीत. त्यात कसूर नको म्हणून तिनं आठवडाभर आधीच तयारी काढली होती.

"कुठून गेलं?"

"नगरपालिकेच्या पानावरून. ये, बघ."

म्हातारी घरपट्टीच्या खिडकीवरची वेळ घ्यायला कॉम्प्युटरपुढे बसली होती. तारीख निवडायची तर पानावर एक छोटं कॅलेंडर उघडतं. ते कॅलेंडर दोब्रिनचं. 'लिपा' नाव ठेवलं होतं त्यानं, दारातल्या लिपाच्या झाडावरून. कोडची एक फाईल होती ती. कुणीही उचलावी, आपल्या वेबसाईटला जोडावी, की कॅलेंडर तयार. पैसे नकोत, परवानगी नको. विकायचं तर विका म्हणाला होता तो वेडा. अट एकच, फाईलच्या माथ्यावरच्या दोन ओळी तशाच ठेवायच्या: 'हे दोब्रिन काराशेव यानं लिहिलं. बाकी काहीही बदला, एवढं राहू द्या.'

आणि जगानं ते उचललं. लिस्बनच्या दातांच्या दवाखान्यात, चिलीतल्या शाळेत, कुठल्याशा बेटावरच्या होडीच्या तिकिटांत. दोब्रिननं आईला पानामागचा कोड उघडायच्या कळा शिकवून ठेवल्या होत्या. तो गेल्यापासून म्हातारीचा नेम झाला होता. जेवण झालं की एखादी वेबसाईट उघडायची, कळा दाबायच्या, पोराचं नाव वाचायचं आणि मगच चहा प्यायचा.

आज कळा दाबल्या तर माथ्यावर लिहिलेलं होतं: 'गायदारोव सॉफ्ट. सर्व हक्क राखीव.'

नेद्यालकानं खाली वाचत नेलं. ओळ न् ओळ भावाची. एके ठिकाणी तर त्यानं वैतागून लिहिलेली टीपही तशीच: 'ईस्टरची तारीख काढणाऱ्याला मी भेटलो तर बघतोच.' तिचे कान तापले. गव्हाचं ताट तसंच टाकून तिनं कोट चढवला.

"कुठं निघालीस?"

"प्लामेनकडे."

प्लामेन गायदारोव दोब्रिनच्या वर्गातला. लहानपणी यांच्याच घरी बानित्सा खाऊन वाढलेला. आता तुंजा नदीकाठी त्याचं काचेचं ऑफिस होतं आणि निम्म्या जिल्ह्याच्या नगरपालिकांना तो वेबसाईट बनवून देत असे. तिला बघून तो हात पसरून उठला.

"अरे वा, नेद्यालकाताई! बस. कॉफी?"

"कॉफी घाल चुलीत. दोब्रिनचं नाव का काढलंस?"

"कुठलं नाव?"

"लिपाच्या माथ्यावरचं."

"हां, ते!" तो हसला. "अगं, फाईल हलकी करायचा प्रोग्रॅम असतो. तो अशा टिपा आपोआप गाळतो. कुणी मुद्दाम नाही करत."

"गाळतो ना? मग तुझं नाव तिथं कुठून उगवलं रे? तेही आपोआप?"

प्लामेननं खुर्ची मागे सरकवली. "ताई, फुकटच तर होतं ते. जगभर वापरतात. दोन ओळींनी काय बिघडतं? त्याला काय आता..."

"बोल की! त्याला काय आता कळणार आहे, असंच ना? लाज नाही वाटत? तू त्याच्या पेटीला खांदा दिलास, मेल्या! त्याचं झितो खाऊन गेलास!"

"आवाज खाली. बाहेर माणसं बसलीत."

"ऐकू देत. जगानं त्याला एक छदाम दिला नाही, त्यानं मागितलाही नाही. नाव तेवढं ठेवा म्हणाला. चिलीतल्या माणसानं ठेवलं, ज्यानं याला बघितलं नव्हतं. आणि तू शेजारच्या इमारतीतला!"

"एवढं लागलंय तर कोर्टात जा," प्लामेन म्हणाला आणि दाराकडे बघू लागला.

ती पायी घरी आली. कोर्टात जा म्हणे! तिथं पायऱ्या झिजवताझिजवता आईच डोळे मिटेल.

घरी आल्यावर तिनं प्लामेनची फाईल पुन्हा उघडली, शिव्या घालायलाच म्हणा ना. आणि एका ओळीपाशी थांबली.

या देशात सुट्ट्यांचा ताळमेळ कधी बसेल तर शपथ. ईस्टर दरवर्षी हलतो, सरकार मनात येईल तसे नियम बदलतं. म्हणून लिपा सुट्ट्यांची यादी दोब्रिनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून रोज ताजी मागवून घेई. तो गेल्यावर ती यादी नेद्यालकाच नीट करत असे, फुकट, भावाचं काम म्हणून. प्लामेननं नाव पुसलं होतं, रंग बदलले होते. पण सुट्ट्या कुठून येतात हे त्याच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्ता दोब्रिनचाच होता.

"असं काय!" ती मोठ्यानं म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मायलेकी नेक्रोलॉग, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीचे कागद, लावायला बाहेर पडल्या. काळी चौकट, दोब्रिनचा फोटो, खाली 'एक वर्ष तुझ्याविना'. इमारतीच्या दारावर लावला, लिपाच्या झाडावर लावला, बसथांब्यावर गेल्या महिन्यातल्या कुणा आजोबांच्या शेजारी लावला. आईनं प्रत्येकाचे कोपरे अंगठ्यानं दाबून बसवले. मग घरी येऊन नेद्यालकानं उरलेला एक लावला.

दोब्रिननं यादीत प्रत्येक दिवसाला चित्राची जागा ठेवली होती, ईस्टरला लाल अंडं दिसावं म्हणून. ज्यांनी नाव ठेवलं होतं त्यांना तिनं नेहमीचीच यादी पाठवली. गायदारोवच्या पानांना मात्र वेगळी. तारीख निवडता येत होती, कुणाची वेळ चुकणार नव्हती, हे तिनं दोनदा तपासलं. फक्त कॅलेंडर उघडलं की वर काळ्या चौकटीत दोब्रिन काराशेव हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'हे कॅलेंडर त्याचं आहे.'

झितो वाटून त्या स्मशानातून परतल्या तर फोन वाजतच होता.

"काढ ते!" प्लामेन किंचाळत होता. "सगळ्या नगरपालिका माझ्या नावानं ओरडतायत! एक महापौर विचारतो, हा कोण मेलाय माझ्या वेबसाईटवर!"

"मग सांगायचं कोण ते. तुला तर माहीत आहे."

"तुझा पत्ताच तोडून टाकतो मी!"

"तोड की. मग सुट्ट्या तूच लिहीत बस. ईस्टरपासून सुरुवात कर."

"नाव लावतो," तो शेवटी म्हणाला. "आत्ता लावतो. पण तू ते काढ, ताई. हात जोडतो."

संध्याकाळपर्यंत दोन ओळी परत आल्या. आईनं कळा दाबल्या आणि ओठ हलवत वाचलं, 'हे दोब्रिन काराशेव यानं लिहिलं.' तिनं पुन्हा वाचलं. नेद्यालकानं सुस्कारा सोडला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"काय करतेस?" आईनं विचारलं.

"नाव लावलं त्यानं. आता नेक्रोलॉग काढते."

म्हातारीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. चांगलाच जड ठेवला.

"हात लावू नको. आपल्यात नेक्रोलॉग कुणी काढत नाही. पावसानं पडेल तेव्हा पडेल."

"आई, तिथं पाऊस पडत नाही गं."

"मग राहील," आई म्हणाली, आणि तिनं पडद्यावरच्या चौकटीचा कोपरा अंगठ्यानं दाबला. "चहा टाक."