मी जातं नाही

मी चुन्याची घाणी बोलतेय. समोरच्या पाटीवर ‘प्राचीन जातं’ लिहिलंय, त्यावर जाऊ नका. परवा एका गृहस्थांनी ती पाटी वाचून बायकोला विचारलं, “एवढं पीठ खात तरी कोण होतं?” दोघंही हसत पुढे गेली.

हे मागचं ग्रंथालय बांधायला काढलं, तेव्हा पाथरवटाने मला घडवलं. जमिनीत गोल चर, चरात चुना, वाळू आणि विटांचा चुरा, आणि त्यावरून फिरणारं माझं हे दगडी चाक. बैल मला दिवसभर ओढायचा. चुना लोण्यासारखा मऊ झाला की गवंडी घमेली भरभरून न्यायचे. त्या भिंतींचा सांधान् सांधा माझ्याखालून गेलाय.

इमारत उभी राहिली आणि गरज सरो, वैद्य मरो! मागच्या अंगणात मी गवतात बुडाले. सिमेंट आलं, मग तर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वर्षानुवर्षं.

पुढे भिंतींना ओल चढली. दुरुस्ती म्हणून लोकांनी वरून सिमेंटचा गिलावा थापला. ओल आतच कोंडली. पोपडे सुटले, पुस्तकांना बुरशी लागली. इमारत पाडायचंच घाटत होतं, तेवढ्यात जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी गावोगाव विचारत एका म्हाताऱ्या वस्तादाला शोधून काढलं. चुन्याचं काम जाणणारा तो एकटाच उरला होता. नजर अधू झालेली, म्हणून लेकीचा हात धरून आला.

त्याने गवत बाजूला सारून माझ्यावरून हात फिरवला. “अगं, ही तर धडधाकट आहे!”

बैल काही मिळाला नाही. लेकीनेच दोन मजुरांबरोबर दांड्याला खांदा लावला. वस्ताद शेजारी बसून कान देऊन ऐकायचा.

“खरखर येतेय. अजून फिरव.”

“बाबा, खांदे सोलवटले.”

“भरून येतील. चुन्याला घाई चालत नाही, बाळा.”

मग तो चिमूटभर चुना बोटांत चोळून बघायचा. एके दिवशी त्याने हात पुढे करण्याआधीच लेक म्हणाली, “झाला.” त्याने चोळून पाहिलं. आपली थापी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “आता मला विचारू नकोस.”

सिमेंट खरवडून उत्तरेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा दिला. पावसाळा उलटला, तरी भिंत ठणठणीत कोरडी. वस्ताद मात्र त्याच थंडीत गेला. बाईंची बदली झाली. नवे साहेब आले.

लेक कार्यालयात गेली. परत येऊन माझ्या चराच्या काठावर बसली आणि ग्रंथालयाच्या पहारेकऱ्याला सगळं सांगू लागली.

“म्हटलं, उरलेल्या तीन भिंती मी करते. तर म्हणे, प्रमाणपत्र आहे का? म्हटलं, ती भिंत बघा की! तर म्हणे, भिंत फायलीला कशी जोडायची, बाई?”

पहारेकरी हसला. ती हसली नाही.

तिन्ही भिंतींवर पुन्हा सिमेंटच चढलं. दुरुस्त इमारतीच्या उद्घाटनाआधी माझं चाक उचलून या चौथऱ्यावर आणलं, घासूनपुसून भोवती साखळी लावली. चर बुजवला. तिथे आता गाड्या उभ्या राहतात. वारसा जपला म्हणून सगळ्यांनी माझ्याशेजारी फोटो काढले.

रोज शेकडो माणसं येतात, पण हात कुणी लावत नाही. तशी मनाईच आहे. इथून मला त्यातल्या एका भिंतीचे नवे पोपडे दिसतात. पहारेकरी सांगत होता, लेक हल्ली नव्या इमारतींत न्हाणीघरांच्या फरश्या बसवते.

पाटीचं राहू द्या, मला जातं म्हणा नाहीतर आणखी काही. मी दगड आहे, अजून शंभर वर्षं अशीच बसेन. तिच्या खांद्यांना तेवढा वेळ नाही. तिला लवकर बोलवा.